रुख्मिणीचे थांबे

"उजेड आला गं..." एवढं म्हणून सगळा वर्ग गप्प झाला आणि आश्रुबानं पेटीचा भाता तसाच अर्धा उघडा धरून ठेवला.

त्या गप्प जागेत त्याला हवं ते ऐकू आलं. मागच्या खिडकीपाशी कुणीतरी श्वास घेतला. तोंडानं, घाईघाईनं, आणि शेवटी बारीक शीळ वाजावी तसा. मग वर्गानं पुढचे शब्द उचलले, "पायी चालत, धुळीत माखून आला," आणि तो श्वास गाण्याखाली बुडून गेला.

आश्रुबानं मागं वळून पाहिलं नाही. पहिल्या दिवशी पाहिलं होतं. खिडकीत वैशाखाचं ऊन होतं आणि पलीकडं शाळेचा रांजण. दुसरं कुणी असायचं कारणच नव्हतं, कारण श्वास रुख्मिणीचा होता आणि रुख्मिणीला, त्याच्या बायकोला, जाऊन दुसरा उन्हाळा लागला होता.

आता कुणी म्हणेल, घरचं माणूस गेलं की असे भास व्हायचेच, त्यात एवढं काय. खरं आहे. पण भास झाला की माणूस दचकतो, जागा बदलतो, चार जणांना सांगतो. आश्रुबानं यातलं काहीही केलं नाही. उलट तेवढ्या एका श्वासापायी तो रोज सकाळी पेडगावला पॅसेंजर धरून, मांडीवर पेटी घेऊन परभणीला येत होता.

वर्ग भरवला होता दत्तराव सरांनी. सर मराठी शिकवायचे, आणि बोलायला लागले की घंटा झाली तरी त्यांना ऐकू यायची नाही. "आपली गाणी बांधणारे आणि गाणारे एकेक करून चाललेत. मागं कुणी तयार नको का?" हे त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी शाळेची एक खोली मागून घेतली. नुकत्याच नोकरीला लागलेल्या शाळामास्तरणी, कचेरीतला व्यंकटी नावाचा कारकून, दवाखान्यातली एक नर्सबाई अशी वीस-एक माणसं गोळा केली. गाण्याचे शब्द कसे जुळवायचे ते सर स्वतः शिकवणार, चाल कशी बांधायची ते आश्रुबा, आणि ती लोकांपुढं गायची कशी ते गीताबाई. बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी शाळेच्या मैदानात सगळ्यांनी मिळून गायचं आणि वर्ग संपवायचा, असं ठरलं होतं. गीताबाई तेवढी अजून आली नव्हती. तिची लेक बाळंत झाली होती, म्हणून ती राणीसावरगावात अडकली होती.

आश्रुबाची शिकवायची तऱ्हा साधी होती. "आधी पेटी बाजूला ठिवा," तो सांगायचा. "गाणार कोण हाय ते बघा. त्याला चार पावलं पळवा आन् मंग बोलायला लावा. किती शबुद एका दमात जात्यात ते मोजा. तेवढी तुमची ओळ. चाल गळ्यावर न्हाई बांधायची, छातीवर बांधायची."

त्याच्या गायन पार्टीत हाच कायदा होता. रुख्मिणी पुढं उभी राहून गायची, गीताबाई तिच्या मागं झील धरायची, आणि आश्रुबा पेटीवर. धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी बांधलेलं 'उजेड आला' तर साऱ्या जिल्ह्यात गाजलं होतं. 'उजेड आला गं पायी चालत, धुळीत माखून आला, दार उघडं होतं माझं, घरच समजून आला.' पहिली अख्खी ओळ रुख्मिणी एका दमात घ्यायची आणि वर हसायची. मग गीताबाईचं लग्न होऊन ती राणीसावरगावला गेली, पुढं दरसाल ऊसतोडीला जाऊ लागली आणि भेटीगाठी तुटल्या.

बहात्तरच्या दुष्काळात रुख्मिणी खडी फोडायला गेली. सगळेच गेले होते, आश्रुबाही गेला होता. पण दगडाची धूळ तिच्याच छातीत बसली. एका कार्यक्रमाआधी ती म्हणाली, "अवो, 'उजेड आला गं'च्या म्होरं जरासं थांबू द्या की मला."

"थांब की. मी भाता धरतो. कोणाला कळायलंय," आश्रुबा म्हणाला.

लोकांना वाटलं, नवी तऱ्हा काढली. त्यांना ती आवडलीसुद्धा. पुढच्या महिन्यात 'पायी चालत'नंतर आणखी एक थांबा आला. मग दुसऱ्या ओळीत, मग बाकीच्या गाण्यांत. आश्रुबा एकेक चाल उसवायचा आणि तिच्या दमाच्या मापानं पुन्हा शिवायचा. आजारी माणसाचे कपडे आत घेतात, तसंच ते. शेवटी शेवटी गाण्यापेक्षा थांबेच जास्त झाले होते. आणि एके दिवशी ती एका थांब्यात गेली ती गेलीच.

तेव्हापासून आश्रुबानं एकही नवी चाल बांधली नव्हती. घरी एकटाच पेटी काढून तो तीच गाणी वाजवायचा आणि थांबा आला की कान द्यायचा. थांब्यात ती यायची. घरात तो आवाज अगदी पुसट असायचा. इथं वीस गळे एकदम बंद झाले की तो स्पष्ट ऐकू यायचा. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर हातचं जाईल, असं त्याला वाटायचं.

दत्तराव सरांनी मात्र थांब्याचा अर्थ लावून टाकला होता. "ही नुसती जागा नाही. हे आपल्या शेकडो पिढ्यांचं मौन आहे," ते वर्गाला म्हणाले. वर्गानं ते भक्तिभावानं लिहून घेतलं. आश्रुबा पेटीच्या पट्ट्या पुसत बसला.

सगळ्या वर्गात सगुणा तेवढी वाकड्यात शिरली. ती वालूरच्या शाळेत मास्तरीण होती. लहानपण सारं उसाच्या फडावर गेलेलं, या टोकावरून त्या टोकाला हाका मारत. तिचा दम असा की थांबा आला तरी ती आपली पुढं. पहिल्यांदा चुकली तेव्हा आश्रुबा काही बोलला नाही. तिसऱ्यांदा तिनं त्या गप्प जागेवरून गाणं सरळ पार नेलं तेव्हा तो ओरडलाच.

"थांबता येत न्हाई का तुला?"

"मास्तर, तुमीच सांगितलं ना, छाती बघून चाल बांधा म्हून," सगुणा घाबरत म्हणाली. "मला इथं थांबायची गरजच पडंना गेलीय."

"मला गरज हाय. मागं जाऊन बस."

ती मागच्या रांगेत जाऊन बसली. आश्रुबाचे कान तापले होते. आपण चुकीचं बोललो हे त्याला कळत होतं, पण तिनं कुणाला तुडवून गाणं पुढं नेलं ते तिला कसं सांगायचं?

गीताबाई आली ती दुपारची, धापा टाकत, बाळंतशेपांच्या वासाच्या लुगड्यात. आश्रुबाला पाहून तिचे डोळे भरले. ती त्याला दाजी म्हणायची, आणि रुख्मिणीला अक्का. सख्ख्या बहिणी नव्हत्या, पण कुणाला ते खरं वाटलं नसतं.

"मला अक्काच्या मातीलासुदिक येता आलं न्हाई, दाजी. फडावर होतो आमी. कळालं तवा महिना झालता."

"असू दे. बस. लेकरं चांगली गायला लागलीत, ऐक."

वर्ग तिला गाऊन दाखवायला उभा राहिला. "उजेड आला गं..." आणि सगळे थांबले. आश्रुबानं सवयीनं कान मागं लावला.

पण या वेळी श्वास खिडकीतून आला नाही. तो समोरून आला. वीसही जणांनी एकदम तोंडानं हवा ओढली, घाईघाईनं, आणि शेवटी बारीक शीळ. रुख्मिणीची शीळ. ती खरखर, ती घाई, सगळं जसंच्या तसं, वीस निरोगी छात्यांतून.

गाणं पुढं गेलं, पुन्हा थांबा आला, पुन्हा तो आवाज. व्यंकटीनं तर मान तिच्यासारखीच तिरकी केली. आश्रुबाचा हात भात्यावरून सुटला.

"चुकलं का, मास्तर?" व्यंकटीनं विचारलं. "तुमी परवा करून दाखवलं तसंच बसवलंय आमी. थांब्यानंतरची उचल. ती शीळ घेतल्याबिगर ती जागा लागतच न्हाई."

आपण ती शीळ करून दाखवली होती, हे आश्रुबाला ठाऊकच नव्हतं.

गीताबाई उठून बाहेर गेली. वर्गाला वाटलं, बाईंना आवडलं नाही. आश्रुबा तिच्या मागं गेला. ती रांजणापाशी उभी होती. तांब्या तोंडाशी नेलेला होता, पण पाणी पीत नव्हती.

"दाजी, हे काय शिकवायलाय तुमी?" ती म्हणाली. "मी अक्काचं गाणं ऐकाया आलते. हे दुखणं हाय."

"तिच्यासाठीच केलं होतं मी. तिला दम पुरंना."

"ते बराबर केलं. जित्या माणसासाठी केलं. पण आता तिला अजून किती धापा टाकायला लावता? मेल्यावर तरी सरळ गाऊ द्या की तिला."

आश्रुबा रांजणाच्या ओट्यावर बसला. मग म्हणाला, "थांबे काढले तर ती कुठं ऱ्हाईल, गीता? तेवढ्यातच येती ती. ऐकू येती मला."

गीताबाई त्याला वेडा म्हणाली नाही. तिनं डोळे पुसले आणि त्याच्या शेजारी बसली. "ती दगड फोडायच्या आधीबी होती ना, दाजी. सगळी ओळ एका दमात घेऊन हसायची. ती तुमाला ऐकू येत न्हाई का?"

आश्रुबानं डोळे मिटले. ती पहिली चाल आठवायचा प्रयत्न केला. 'उजेड आला गं' इथपर्यंत आली आणि थांबली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तिथंच. आपण बांधलेली चाल, आणि ती आपल्यालाच पुढं नेता येत नव्हती. रुख्मिणीचं हसणं कसं होतं, ते ओळीच्या शेवटी यायचं की शेवटच्या शब्दावरच, हेही त्याला सांगता येईना. गेल्या दोन वर्षांत त्यानं तिचं दुखणं इतकं जपलं होतं की तीच हातातून निसटली होती. त्याला रडू फुटलं. शाळेच्या रांजणापाशी, भर दुपारी, तोंडावर पंचा धरून तो रडला.

"मला याद न्हाई गं," तो म्हणाला. "मला तिचं चांगलं गाणं याद न्हाई."

"मला हाय," गीताबाई म्हणाली. "झील धरायची म्हंजी दुसरं काय असतंय? पुढचीचा दम आपल्या छातीत ठिवायचा असतो." आणि तिनं तिथंच हलक्या आवाजात पहिली अख्खी ओळ म्हणून दाखवली.

दुसऱ्या दिवशी आश्रुबानं वर्गात सगुणाला पुढं बोलावलं. "माझं चुकलं," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "गाणं तू पुढं गा. थांबू नगं." बाकीच्यांना त्यानं खरं काय ते सांगितलं, खडीपासून शेवटच्या थांब्यापर्यंत. नर्सबाई खाली मान घालून ऐकत होती. व्यंकटीनं हळूच आपली मान सरळ केली. वर्ग सुटायची घंटा वाजली तेव्हा ती दत्तराव सरांना पहिल्यांदाच ऐकू आली.

राहिलेले दिवस गीताबाईनं गाणं शिकवलं, आणि शिकणाऱ्यांत आश्रुबाही होता. बोटं चटकन वळली, पण डाव्या हाताला काही उमगेना. थांब्याची जागा आली की भाता आपोआप अडायचा. गीताबाई मांडीवर थाप द्यायची, मग तो पुढं जायचा. खिडकीकडून काही ऐकू येत नव्हतं. तो रोज तिकडं पाठ करून बसायचा आणि घरी जाताना एकदा वळून बघायचा.

पौर्णिमेला मैदान भरलं. पेडगावची माणसं आली होती, त्यांतल्या कितीतरी जणांनी रुख्मिणीला ऐकलेलं होतं. दिवस मावळला आणि शाळेच्या कौलांमागून चंद्र वर आला. पांढऱ्या लुगड्यातली सगुणा पुढं उभी राहिली. तिच्या मागं गीताबाई आणि सगळा वर्ग. आश्रुबानं गाणाऱ्यांकडं तोंड करून पेटी पुढ्यात ओढली. आपला हात या वेळी अडणार नाही, असं त्यानं मनाशी दहादा घोकलं होतं.

"उजेड आला गं," सगुणानं सुरुवात केली.

आणि त्याचा हात अडला. पेटी मुकी झाली. त्या मुकेपणात आश्रुबानं सगळ्या जिवाचा कान केला, मागं, वर्गात खिडकी असायची त्या दिशेनं. शीळ आली नाही. श्वास आला नाही. मागं नुसतं मैदान होतं आणि शांत बसलेली माणसं.

सगुणा थांबली नव्हती. पेटीची साथ नाही, नुसत्या गळ्यानं ती ती जागा ओलांडून गेली होती. "पायी चालत, धुळीत माखून आला." मागून गीताबाईनं झील उचलली, रुख्मिणीच्या मागं उचलायची तशीच, आणि ओळ संपता संपता, शेवटच्या शब्दावरच, ती पोरगी हसली.

शेवटच्या शब्दावरच. आश्रुबाला आठवलं.

गाणं बरंच पुढं गेलं होतं. त्यानं भाता दाबला आणि तो गाण्याच्या मागं मागं निघाला.