टोपीनं पकडलेली चोरी

लकव्यानं छबूबाईंचा डावा पाय निजला, त्याला सात महिने झाले होते. सात महिने त्या नवऱ्याच्या, रतिलालांच्या, हातचा पाणचट चहा पीत होत्या. तेवढ्यासाठी तरी आपल्या पायांनी स्वयंपाकघरात जायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

म्हणून त्या म्हसावद गावाहून शहाद्याच्या उपचार केंद्रात, नव्या यंत्रापाशी आल्या होत्या. डोक्यावर तारांची टोपी, पायांना पट्ट्यांनी बांधलेला सांगाडा. चालायचा विचार मनात आला की टोपी तो टिपणार आणि सांगाडा पाय उचलणार. पहिल्या दिवशी टोपीला काहीच टिपता आलं नाही, कारण शहरात जायचं म्हणून छबूबाईंनी डोक्यावर वाटीभर तेल थापलं होतं. शिकेकाईनं न्हाऊन आल्या, तरी पुढचे दोन दिवस टोपीला जोडलेल्या पडद्यावरची रेघ आडवीच. आज शेवटचा दिवस. आज जमलं नाही तर यंत्र दुसऱ्या पेशंटला.

"आजी, फक्त मनात चाला," तिथली फिजिओथेरपिस्ट रंजिता म्हणाली.

"अवं माय, नुसतं कोन चालस? कुठे जावानं ते तरी सांग."

"कुठेही. आवडेल तिथं."

छबूबाईंनी डोळे मिटले. देऊळ आठवून पाहिलं. रेघ आडवी. माहेर आठवलं. आडवीच. मग न बोलावताच आली ती पन्नास वर्षांपूर्वीची पौषातली सकाळ. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या, आणि लग्नाला वर्षही न झालेली छबू, पदर दातांत धरून शेवटच्या गाडीमागं झपझप चाललेली. येणारे-जाणारे एखादा ऊस ओढायचेच, गाडीवान काणाडोळा करायचे. पण ही गाडी सासऱ्यांची होती. घरचीच सून सापडली असती तर...

खट्ट! डावा पाय उचलला. रेघ उड्या मारू लागली.

"आजी! काय आठवलंत?"

कोपऱ्यात बसलेले रतिलाल खुर्चीतून उठले होते. "देवनं नाव लिधं," छबूबाई घाईनं म्हणाल्या.

"मग आजोबा, तुम्हीच जवळ उभे राहून नाव घ्या. सलग दहा पावलं पडली की आजींची जागा पक्की."

रतिलालांनी हात जोडून राम राम सुरू केलं. रेघ पुन्हा झोपली. रंजितानं घड्याळाकडे पाहिलं.

छबूबाईंना तो चहा आठवला. त्या रतिलालांकडे वळल्या.

"आयका. तुमना बापनी गाडीमाईन ऊस कोन ओढे, म्हाईत शे? मी."

रतिलालांचे हात जोडलेलेच राहिले. गोठ्यामागं सापडलेली चिपाडं, वडिलांनी चोर समजून चार माणसांत पिळलेला त्यांचाच कान, सगळं तोंडावर उमटलं.

"पन्नास वरीस! आनि कान मन्हा लाल?"

"ऊस गोड व्हता पन."

रतिलालांनी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या आणि थेट बापाच्या आवाजात गरजले, "कोन शे रे गाडीमांगे? धरा त्या चोट्टीले!"

खट्ट, खट्ट, खट्ट, खट्ट...

"चौदा!" रंजिता ओरडली. "आजी, बास! थांबा आता!"

"थांबू कशी, माय?" छबूबाई धापा टाकत म्हणाल्या. "हातमां ऊस, नि मांगे सासरा शे ना!"