माझ्या रक्तात लपलेला रोग

मी एक म्हातारा उंट आहे, मित्रांनो, आणि मला कामचुकार म्हणणाऱ्यांशी माझं अजून भांडण आहे.

माझा जन्म कच्छी मेंढपाळांच्या तांड्यात, चालत्या वाटेवर झाला. तांडा किकवीजवळ उतरला असताना भोरच्या अय्युबभाईंनी मला घेतलं. ते आणि त्यांची बायको खुर्शिदा मला जत्रांना नेत. पाठीवर बसलेली पोरं आनंदानं किंचाळली, की मीही मान ताठ करून ऐटीत चालायचो.

२००३ चा पावसाळा सरला आणि मला ताप येऊ लागला. चार दिवस ताप, आठ दिवस बरा, पुन्हा ताप. पाठीवरची मदार ओसरली, बरगड्या मोजता येऊ लागल्या. वेल्ह्याच्या जत्रेत मी बसलो, तो मला उठताच येईना. लोक म्हणाले, ढोंग करतोय! कसाबसा टेम्पोत चढवून मला घरी आणलं. जनावरांच्या दवाखान्यात माझं रक्त काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. काहीच दिसलं नाही.

शेजारचे सोनबाआप्पा म्हणाले, "अय्युब, ह्यो आता कामातून गेला. इकून टाक."

अय्युबभाई माझा दोर बोटांना गुंडाळत राहिले. खुर्शिदा मात्र उसळली. "त्यो ढोंगी न्हाई, आप्पा, आजारी हाय! काचंवर दिसत न्हाई म्हून रोगच न्हाई व्हय?"

तिनं तालुक्याला नव्यानं आलेल्या डॉक्टर शेफालींना गाठलं. त्यांनी माझ्या मानेतून रक्त काढलं.

"जंतू थोडे असले की काचेवर सापडत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्या डीएनएचा अंश रक्तात असतो. प्रयोगशाळेत त्याच्या लाखो प्रती करतात. मग तो लपून राहत नाही."

रक्ताची नळी बर्फात ठेवून खुर्शिदा स्वतः एसटीनं पुण्याला गेली.

ती निघाली आणि मला विकत घ्यायला दारात व्यापारी आला. त्यानं माझा दोर ओढताच मी अशी डरकाळी फोडली, की तो दोर टाकून मागं सरला. अय्युबभाईंनी दोर उचलला. "जनावर इकायचं न्हाई," ते व्यापाऱ्याला म्हणाले.

आठवड्यानं निकाल आला. चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा नावाचा रोग! डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. बाराव्या दिवशी मी थरथरत्या पायांवर उभा राहिलो. खुर्शिदा माझ्या मानेला मिठी मारून रडली. सोनबाआप्पा शेवरीचा पाला घेऊन आले आणि माझ्यापुढं टाकून गेले.

मदार पूर्वीसारखी भरली नाही. पण त्यानंतर मी सहा वर्षं जत्रा केल्या.

जनावर बसलं, तर काठी उचलण्याआधी त्याच्या अंगाला हात लावून पाहा. रक्त तपासा, आणि एकदा काही सापडलं नाही तर पुन्हा तपासा. आम्हाला बोलताच येत नाही, मित्रांनो. मग खोटं तरी कुठून बोलणार?