अकरा इंचांची फूटपट्टी

मित्रांनो, माणसाचा लोभ आणि माणसाची भीती आजवर कोणालाही मोजता आली नव्हती. ते थोर कार्य माझ्या हातून घडले. मी एक जुनी लाकडी फूटपट्टी आहे. फूट म्हणायचे ते आपले सवयीने. खरी मी अकरा इंचांची आहे.

धुळ्यात सागाच्या फळीतून माझा जन्म झाला आणि एरंडोलच्या शाळेत लीलाधर सरांच्या हाती मी पडले. सर भूमिती शिकवत. वर्ग शांत करायला ते मला टेबलावर आपटत. पोरे शांत होत, टेबलही टिकले, पण माझा पहिला इंच तुटून गेला. तेव्हापासून मी एक या आकड्यापासूनच सुरू होते. तरीही "रेघ ओढावी तर हिनेच," असे सर म्हणत. पुढे सर निवृत्त होऊन पिंप्राळ्यात राहायला आले आणि मी सहा वर्षे कपाटामागे पडून राहिले. तिथे माझी चौकशी फक्त पाली करत.

मग सरांना शेअर बाजाराचा नाद लागला आणि माझे दिवस पालटले. भावाचा आलेख संगणकावर दिसला की सर मला पडद्याला टेकवत. त्यांच्या पत्नी कुंदाबाई पापडांचा धंदा करतात. मोटरवाल्या यंत्रासाठी त्यांनी चाळीस हजार साठवले होते. यंत्र होते चव्वेचाळीस हजारांचे.

"उरलेले चार मी कमावतो," सर म्हणाले. "शेअर घेण्याआधीच बाहेर पडायच्या दोन जागा ठरवायच्या. भाव एक इंच खाली गेला, तर तोटा सोसून निघायचं. दोन इंच वर गेला, तर नफा घेऊन निघायचं. इंचाला हजार रुपये धर."

"आणि तुमचं चुकलं तर?"

"चुकणारच! वीस वेळा घेतलं, त्यात बारा वेळा चुकलो, तर बारा हजार जातील. आठ वेळा बरोबर आलो, तर सोळा येतील. चार उरले की नाही?"

कुंदाबाईंनी बोटांवर मोजून पाहिले आणि पैसे दिले. मित्रांनो, त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

सरांनी शिस्त मोडली नाही. ठरल्या जागी घेतले, ठरल्या जागी सोडले. वीस व्यवहार झाले. आठ बरोबर आले, बारा चुकले, अगदी म्हटल्याप्रमाणे. पण चाळीसचे चव्वेचाळीस व्हायचे, ते छत्तीस झाले.

"हिशेब बरोबर आहे, बाजार चुकतोय," सर म्हणाले.

"बाजाराला सांगा मग, कुंदाबाई वाट बघतेय," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी ठरवले की छत्तीसच्या छत्तीस हजार एकाच शेअरमध्ये घालायचे. त्यांनी मला पडद्याला लावले. त्याच वेळी हिलाल मिस्तरी फळी ठोकायला आले होते. ते हातोडी खाली ठेवून बघत राहिले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले,

"सर, हाई पट्टी तुटेल शे ना?"

"तुटलेलीच आहे. पण एका इंचाने काय बिघडतं, मिस्तरी?"

"नफा मोजतस तवय तुटेल टोक लावतस. तोटा मोजतस तवय चांगलं टोक. आसं मी दार बनावं तर बठ्ठं घर वाकडं व्हई!"

सर खुर्चीत बसले. वर मोजताना माझे तुटके टोक भावाला लागायचे. पडद्यावर एकच इंच असायचा, पण माझ्या अंगावर दोनचा आकडा दिसायचा. खाली मोजताना धड टोक लागायचे आणि तोट्याचा इंच पुरता भरायचा. म्हणजे इंचासाठी इंच! आठ आले, बारा गेले, चार बुडाले. भूमितीच्या मास्तरांना सुताराने मोजायला शिकवले.

सरांनी पुन्हा मोजले, या वेळी दोन्हीकडे एकाच टोकाने. खाली एक इंच, आणि वर, भाव आजवर जिथवर चढला होता तिथपर्यंत, जेमतेम एक. मी दोन व्हावे म्हणून त्यांनी मला जरा तिरपे करून पाहिले. मी काय करणार? मीही सरांचीच विद्यार्थिनी, आहे तेवढेच सांगितले.

"आज काही घ्यायचं नाही," सर हळूच म्हणाले. "कुंदा, माझं चुकलं. यंत्र राहिलं तुझं."

कुंदाबाईंनी पुन्हा बोटांवर मोजून पाहिले. मग म्हणाल्या, "राहिलं कसं? हाताने फिरवायचं यंत्र पस्तीसला मिळतं. एक हजार तुमच्याकडे ठेवा. आणि रोज संध्याकाळी दांडा फिरवायला या."

सर रोज दांडा फिरवतात. व्यवहार क्वचितच करतात; पुढ्यातला फायदा धोक्याच्या दुप्पट भरला नाही, तर उठून पापड वाळत घालतात.

मित्रांनो, आत शिरण्याआधी बाहेरची वाट बघून ठेवा. आणि नफा ज्या टोकाने मोजाल, त्याच टोकाने तोटाही मोजा. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा. आम्ही खोटे बोलत नाही, आम्हाला फक्त नीट धरावे लागते.

आणि एक विनंती. हल्ली माझ्यावर पापडांची रुंदी मोजतात. सात आणि आठ यांच्यामधल्या फटीत उडदाचे पीठ अडकले आहे. कोणी मोकळे असेल, तर काडीने तेवढे काढून द्या. मुंग्या फार चावतात.