गाडीची किरकिर थांबली तेव्हा

मित्रांनो, माझ्याखाली महिनाभर एक पत्र दबून होते. एकाच पानाचे, निळ्या शाईतले. वर पत्ता होता, 'फिरत्या वाचनालयाच्या गाडीस'. मी त्याच गाडीचा एक भाग. म्हणजे ते पत्र थोडेफार मलाही होते, आणि त्याला उत्तर गेले नव्हते. आठवले की मला अजून ओशाळल्यासारखे होते.

पण आधी मी कोण ते सांगायला हवे. मी एक जुना टेन्शनर आहे. इंजिनाला किंवा चाकांना आपली गोष्ट माझ्यापेक्षा चांगली सांगता आली असती, पण त्यांना सवड नाही. मी रिकामाच आहे.

इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक लांब रबरी पट्टा फिरत असतो. बॅटरी भरणारे यंत्र, इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप, स्टिअरिंग हलके करणारा पंप, सगळे तोच फिरवतो. त्याला सैल पडू न देणे एवढेच माझे काम. माझ्यात एक स्प्रिंग आहे, एक हात आहे आणि हाताच्या टोकाला एक गुळगुळीत चाक. स्प्रिंग हाताला रेटते, हात चाकाला, चाक पट्ट्याला. कारखान्यातून निघताना तपासणाऱ्या बाईंनी माझे चाक बोटाने फिरवले, कान लावला, काहीच ऐकू आले नाही म्हणून मान डोलावली. आवाज न केल्याबद्दल मिळालेले ते माझे पहिले कौतुक.

पुढची नऊ वर्षे मी पुस्तकांच्या गाडीत काढली. गाडीत दोन माणसे असत. चालक बोलका, शिट्टी वाजवत गाडी हाकणारा. ग्रंथपाल अगदी उलट. कुणी पुस्तक मागितले तर आनंदाने काढून देत, पण 'कसं वाटलं' हे विचारायला चार फेऱ्या लावत. चालक त्यांना साहेब म्हणे, थोडे आदराने आणि बरेचसे चिडवायला.

सातव्या वर्षी माझी स्प्रिंग थकली. चाकातले बेअरिंग कोरडे पडले. पट्टा घसरू लागला आणि घसरताना किंचाळू लागला. सरळ रस्त्यावर चालून जाई, पण शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायला जागा फार थोडी. तिथे स्टिअरिंग पूर्ण फिरवले की पट्ट्यावर जोर येई आणि 'किर्रर्र' असा आवाज गल्लीभर घुमे.

चालकाने पट्टा बदलला. पंधरा दिवस शांततेत गेले, पुन्हा किरकिर. त्याने दुसऱ्यांदा पट्टा बदलला. पुन्हा तेच. माझ्याकडे कुणी पाहिले नाही, आणि मीही मनात म्हणत होतो, दोष माझाच असेल असे कशावरून?

अशी दोन वर्षे गेली. शेवटी गाडी चालकाच्या आत्याच्या गॅरेजमध्ये गेली. आत्या म्हणजे त्या भागातली नावाजलेली मेकॅनिक. तिने बॉनेट उघडले, इंजिन चालू ठेवले आणि हाताची घडी घालून नुसती पाहत राहिली.

"दोनदा पट्टा बदललास?" तिने विचारले.

"नवा कोरा घातला, आत्या."

"आणि पट्ट्याला धरून कोण बसलंय, ते बघितलंस का? बघ, हात कसा थरथरतोय त्याचा. बिचारा केव्हाचा सांगतोय, आणि तू मार पट्ट्यालाच देतोयस."

तिने इंजिन बंद केले, पाना लावून माझा हात मागे वळवला, पट्टा अलगद काढला आणि माझे चाक फिरवले. खरखर झाली. मग एक बोल्ट सैल केला आणि मी तिच्या तळहातावर आलो. माझ्या जागी नवा टेन्शनर बसला, पट्टा प्रत्येक खाचेत नीट बसलाय की नाही हे तिने बोट फिरवून पाहिले. गाडी सुरू झाली. अगदी चिडीचूप.

मला भंगारात टाकणार होते. ग्रंथपालांनी हळूच विचारले, "हा मी घेतला तर चालेल का? कागद उडतात हो गाडीत." अशी माझी नेमणूक त्यांच्या छोट्या मेजावर झाली. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की स्प्रिंगमध्ये जोर असता तर मी उडीच मारली असती.

पण शेवटच्या थांब्यावर गाडी दर दुसऱ्या बुधवारी जाई, आणि त्यानंतरच्या पहिल्याच बुधवारी तिथे कुणी आले नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा कुणी नाही. चालकाने हॉर्न वाजवला, पण त्या रस्त्यावर सगळेच हॉर्न वाजवतात. आणि वाचनालयाचा नियम असा, की सलग चार फेऱ्या रिकाम्या गेल्या तर थांबा रद्द.

मग ते पत्र आले. थांब्यासमोरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या बाईंनी लिहिले होते:

'गाडी यायची बंद झाली का? मी मशीनवर पाठमोरी बसते. तुमची किरकिर ऐकली की उठायची आणि गल्लीत हाका मारायची. आता किरकिर नाही. कादंबरीचा पहिला भाग माझ्याकडे वाचून पडलाय. नायिका बोटीत बसलीय, ती पोचली की नाही एवढं तरी कळवा.'

ग्रंथपालांनी उत्तर लिहायला घेतले. पहिला कागद फार औपचारिक वाटला, फाडला. दुसरा फार सलगीचा वाटला, तोही फाडला. तिसरा चार पाने झाला. मग बाईंचे पत्र घडी करून माझ्याखाली ठेवले, म्हणजे कुणाला दिसू नये. तिसऱ्या फेरीला ते खाली उतरले, बाईंच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. मशीन चालू होते, व्यत्यय आणणे बरे दिसले नाही, असे म्हणाले. तोही बुधवार रिकामा गेला.

चौथ्या फेरीला पाणी प्यायला मागे आलेल्या चालकाने सहज मला उचलले. त्याने पत्र वाचले. मग ग्रंथपालांकडे पाहिले.

"साहेब, ती बाई बोटीत किती दिवस बसणार?"

ग्रंथपाल लाल झाले. म्हणाले, "काय लिहावं ते सुचत नाही."

"मग लिहू नका. जा. मी गाडी अशी वळणावर सोडू शकत नाही, नाहीतर मीच गेलो असतो." आणि त्याने मला त्यांच्या हातात कोंबले. "एकटं जायला भीती वाटत असेल, तर ह्याला न्या."

ग्रंथपाल एका काखेत दुसरा भाग आणि हातात मला घेऊन उतरले. दार उघडेच होते. आत मशीनची धडधड चालली होती. ते उंबऱ्यावर उभे राहिले. त्यांची बोटे माझ्या चाकावर नुसती चाळा करत होती. बाईंनी धागा ओवायला मशीन थांबवले, आणि नेमके तेव्हाच माझे चाक फिरले. खर्र, किर्र.

मित्रांनो, आवाज इवलासा होता. पण बाईंचा धागा हातातच राहिला.

"हा आपल्या गाडीचा आवाज," त्या म्हणाल्या आणि वळल्या.

ग्रंथपालांनी पुस्तक पुढे केले. "ती पोचते," ते म्हणाले. "पण... थोडी भिजते."

बाई इतक्या हसल्या की शेजारच्या खिडक्या उघडल्या. मग त्यांनी गल्लीत हाक मारली आणि पाच मिनिटांत गाडीपाशी अकरा माणसे जमली. थांबा वाचला. ग्रंथपालांनी माझी हकीकत सांगितली, तेव्हा बाईंनी मला हातात घेऊन निरखले. त्यांच्या मशीनलाही पट्टा होता; सैल पडला की त्या तो वेळेवर आखूड करत. "ह्याला दोन वर्षं कुणी विचारलं नाही होय?" एवढेच त्या म्हणाल्या. त्या एका वाक्याने माझी नऊ वर्षे सार्थकी लागली.

तुमच्या घरच्या गाडीने कधी किरकिर केली, तर तिच्यावर ओरडू नका. पट्टा बदलायचाच असेल तर तेव्हाच टेन्शनरकडेही एकदा पाहायला सांगा. चाक फिरवून कान लावायला मिनिटभर लागते. नीट सांगता येत नसलेले कुणी माणूस आजूबाजूला असेल, तर त्याच्याजवळही मिनिटभर थांबा.

निघताना बाई म्हणाल्या, "आलात, बरं झालं. पण माझ्या पत्राचं उत्तर राहिलंच की. मला ते टपालानेच हवंय."

ग्रंथपालांनी गाडीतच मेजावर कागद घेतला. या वेळी एकही फाडला नाही. 'गाडी बंद झालेली नाही. दर दुसऱ्या बुधवारी मी दारात येऊन कळवीन. टेन्शनर सोबत असेल.' शाई वाळेपर्यंत त्यांनी मला त्यावर ठेवले. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी चालकाने गाडी थांबवली. ग्रंथपाल उतरले, पाकीट आत सोडले, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत पेटीला कान लावून उभे राहिले.