मूळ गाण्याचे कैवारी

यतीन आणि आसावरीच्या नव्या घराची वास्तुशांत उरकली आणि पाहुणे बेसमेंटमध्ये उतरले. यतीनने स्पीकर लावले. सत्तरच्या दशकातलं एका जर्मन बँडचं इंग्रजी डिस्को गाणं सुरू झालं, पण नव्या धाटणीत: खाली धाडधाड ठोका, वर बाईचा आवाज तुकडे तुकडे करून पेरलेला.

पुरुषोत्तम सान्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या मराठी मंडळींत डिस्कोतलं आपल्यालाच काय ते कळतं, अशी त्यांची ठाम समजूत होती.

"यतीन, बंद कर ते. पुरणपोळीवर केचप ओतल्यासारखं वाटतंय."

"काका, रीमिक्स आहे. अख्खा अल्बम हिट आहे, यार."

"हिट? स्वतःला चाल सुचत नाही म्हणून दुसऱ्याची उचलायची, तिचे हातपाय मोडायचे आणि वर आपलं नाव लावायचं! मूळ गाणं ऐकलंयस कधी?"

त्यांनी खिशातून फोन काढला. पुण्यात कॉलेजात असताना डेक्कनवर घेतलेली कॅसेट त्यांनी जिवापाड जपली होती आणि इथे आल्यावर तिची गाणी फोनवर उतरवून घेतली होती. स्पीकरमधून तेच गाणं साधं, खरखरतं वाजू लागलं. नाचणारे थांबले. कुणी ढोकळ्याकडे वळलं. पुरुषोत्तम डोळे मिटून मान डोलवत राहिले.

"याला म्हणतात गळा!"

आसावरीची मावसबहीण नेत्रा जवळच्याच वूस्टरला पीएचडी करत होती. ती बराच वेळ फोनमध्ये डोकं घालून बसली होती.

"काका, ही ती बाई नाहीये."

"म्हणजे?"

"तुमची कॅसेट म्हणजे हिट गाण्यांचं स्वस्तातलं कलेक्शन. स्टुडिओतल्या भाडोत्री गायकांकडून परत गाऊन घेतलेलं. ओरिजिनल हे ऐका."

तिने ते लावलं. आवाज जाडा, थोडा घोगरा. चाल संथ. पुरुषोत्तमांच्या शेजारी उभ्या शरयूने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"हिला सर्दी झालीये," पुरुषोत्तम म्हणाले.

बेसमेंटभर हशा पिकला. शरयूही हसली, तेव्हा मात्र त्यांनी जॅकेट उचललं.

घरी येऊन त्यांनी आपली आवृत्ती पुन्हा लावली, केवळ नेत्राचं म्हणणं खोडून काढायला. पण आता ऐकू नये ते ऐकू येऊ लागलं. बाई इंग्रजी शब्द अर्धवट चावत होती. मागचा कोरस म्हणजे एकच पुरुष तीनदा रेकॉर्ड केलेला. शेवटच्या कडव्यात ती सरळ बेसूर झाली होती. इतकी वर्षं आपण हिच्यासाठी लोकांशी भांडलो? त्यांना स्वतःचाच संताप आला आणि त्यांनी तो तातडीने जर्मनांवर काढला.

"तिन्ही भिकार आहेत," त्यांनी दुसऱ्या दिवशी शरयूला सांगितलं. "खरं, खोटं आणि ते यतीनचं. मुळात गाण्यातच दम नव्हता."

शरयू पोळ्या लाटत होती. तिने यतीनकडून तो अल्बम मागवून घेतला होता आणि ओट्यावरचा छोटा स्पीकर ठणाणत होता.

"आवाज कमी कर," ते ओरडले.

तिने पिठाच्या बोटाने तो आणखी वाढवला.