सांधा सुकेपर्यंत

आमच्या ह्यांचा समोरचा दात हलत होता, आणि हलतोय म्हणून हे तो दिवसातून दहादा हलवून बघत होते. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. खुर्ची असो की दार, सांधा डुगडुगतो का ते हाताने बघितल्याशिवाय पुढे जायचा नाही. शेजारचे दोन दात आधीच गेले होते. हाही गेला तर कवळी लागणार, आणि कवळीच्या नुसत्या नावाने ह्यांचा जीव अर्धा व्हायचा.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. हिरडीखालचं हाड झिजून दाताच्या मुळाशी खड्डा पडला होता.

"हिरडी उघडून साफ करते आणि आत वाढीला चालना देणारं प्रथिन सोडते," त्या म्हणाल्या. "त्याने तुमच्याच पेशी नवं हाड बांधायला लागतात. सहा महिने तरी जातील. तोवर दाताला हात लावायचा नाही." यश येईलच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

हिरडी उघडून टाके घातल्याच्या नवव्या दिवशी सकाळी आरशापुढे मी ह्यांना रंगेहाथ पकडलं. दोन बोटांत दात, टाका उसवलेला, हनुवटीवर रक्त.

"पक्का झाला का बघत होतो," हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "गोंद ओला असताना कारागिराने सांधा हलवला, तर तुम्ही त्याला काय म्हणता?"

"गाढव," हे ओशाळून म्हणाले.

बाईंनी पुन्हा टाका घातला. केलेलं वाया गेलं की नाही ते आता सहा महिन्यांनीच कळेल, म्हणाल्या. त्यानंतर हे आरशापुढे उभेच राहिनात. मी तोंडाने चिडचिड करत होते, पण खरं तर घाबरले होते. ह्यांचा पडलेला चेहरा मला बघवत नव्हता.

सहा महिन्यांनी बाईंनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावले. काळा खड्डा निम्मा भरून पांढुरका झाला होता. त्यांनी हत्याराच्या दांड्याने दात ढकलून पाहिला. तो जागचा हलला नाही.

"निम्माच भरला?" ह्यांनी विचारलं. अर्धवट काम ह्यांना खपत नाही.

"अजून भरतोय. आणखी काही महिने भरत राहील."

हे कितीतरी वेळ एक्स-रेकडे बघत राहिले. मग माझा हात घट्ट धरून म्हणाले, "अगं, जन्मभर लाकूड जोडलं. जोडलेलं लाकूड कधी वाढलं नाही. आणि हे बघ, माझ्या ह्या वयात वाढतंय!"