पाळण्याच्या दांडीवरचा हात

पहिलं नातवंड आजीचं, असा आमच्याकडे रिवाज. म्हणजे नऊ महिने पोटात मी वागवायचं, अंगावर मी पाजायचं, दुपटी मी धुवायची, आणि मूल सासूबाईंचं. तिलेक मोठा झाला की त्यांनाच आई म्हणेल आणि मला नुसतं नावानं, बर्मेत. आत-बाशीत, आमच्या या डोंगरातल्या गावात, घरोघरी हेच, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार? बरं, मूल तुमचं तर तुमचं. पण मग त्याला ऐकू येत नाही ही शंका तेवढी माझ्या एकटीच्या वाट्याला का यावी?

आठव्या महिन्यापर्यंत तो तोंडानं काहीबाही बडबडायचा. मग ते कमी होत होत थांबलंच. मागून हाक मारली की ढिम्म. दारातली कुत्री जिवाच्या आकांतानं भुंकायची आणि हा गाढ झोपलेला. मी सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, आजोबांवर गेलाय, तेसुद्धा जन्मभर कोणाचं ऐकत नसत. वर स्वतःच हसल्या.

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मात्र चिडल्या. तिलेक फळ्यांच्या जमिनीवर पाठमोरा बसून लाकडी चमचा चोखत होता. सासूबाई त्याच्या मागे गेल्या, हाक मारली आणि धाडकन पाय आपटला. पोरगं गर्रकन वळलं आणि बोळकं पसरून हसलं.

"घ्या," त्या म्हणाल्या, "बहिरा म्हणे. स्वतःच्या पोराला नावं ठेवणारी सून पहिल्यांदाच पाहिली बाई."

मी चहा ओतायला गेले. सुनेनं आणखी काय करायचं असतं?

पुढे दवाखान्यातली नर्स तपासायला घरी आली. तिनं त्याच्या डोक्यामागे टाळ्या वाजवल्या, त्याही इतक्या जवळून की मानेवर वारा लागला असेल. तो वळला. तिनं कागदावर 'ऐकू येते' असं लिहिलं, तीन वाट्या चहा प्यायली आणि गेली. मेलिसला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी म्हटलं, आपण बिश्केकला कानाच्या डॉक्टरला दाखवू. तर तो म्हणे, तू फोनवर नको ते वाचतेस, आई बघतेय ना. आई बघतेय ना, हे त्याचं लग्नापासूनचं पालुपद. शेजारणींचं वेगळंच. मुलगे उशिराच बोलतात, शांत मूल मिळायला नशीब लागतं, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. पाय दिसत असतील हो, कान कोणाला दिसले?

जूनमध्ये मेंढरं घेऊन आम्ही वरच्या कुरणावर गेलो आणि राहुटी उभारली. सासूबाईंनी आपल्या सवयीनं तिलेकच्या मागे जाऊन पाय आपटला. तो वळला नाही. पुन्हा आपटला. त्याचं सगळं लक्ष आपल्या पायाच्या अंगठ्यात. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सासूबाईंचा चेहरा उतरला, पण कबूल करतील तर त्या सासूबाई कसल्या. कोणीतरी दृष्ट लावली म्हणाल्या आणि आर्चा या डोंगरी झाडाची फांदी पेटवून त्याच्याभोवती असा धूर केला की पोर ठसकून ठसकून लालबुंद झालं.

मी त्याला उचलायला वाकले, माझा गुडघा खाली अंथरलेल्या लोकरीच्या जाड नमद्यात रुतला, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरी जमीन फळ्यांची. पाय आपटला की फळी हादरायची, आणि ते त्याच्या बुडाला कळायचं. इथे खाली गवत आणि वर नमद्याचे चार थर. हादरणार काय, कपाळ?

मी हे सांगितल्यावर सासूबाईंनी धुमसणारी फांदी बाहेर फेकली. मग म्हणाल्या, "पायाचं सोड. रोज माझी अंगाई ऐकून झोपतो तो. बहिरा असता तर झोपला असता?"

खरंच झोपायचा. रडून आभाळ डोक्यावर घेतलं असलं तरी सासूबाईंनी सूर लावला की दोन मिनिटांत गप्प. एवढ्या एका गोष्टीवर मीही इतके महिने आशा धरून होते, खोटं कशाला बोलू?

त्या दुपारी त्याला आमच्या रिवाजाप्रमाणे पट्ट्यांनी पाळण्यात बांधलं, वरून चादर टाकली आणि त्यानं भोकाड पसरलं. सासूबाई शेजारी बसल्या, वरची दांडी धरून पाळणा डोलवायला आणि गायला लागल्या. चादरीखालचं रडणं कमी व्हायला लागलं. माझी नजर त्यांच्या हातावर गेली. मग मी असं काही केलं, जे आमच्याकडे कुठलीही सून करणार नाही. मी त्यांचं मनगट धरलं आणि हात दांडीवरून काढला.

"एने, आता गा," मी सासूबाईंना म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता राहुटीतून बाहेर काढतात. पण गायल्या. हट्टानं गायल्या, आवाज चढवून, बाहेर घोडीचं दूध घुसळणारी माझी धाकटी जाऊ आत डोकावली इतक्या मोठ्यानं. तिलेक रडत राहिला. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. त्याचं रडणं वाढतच गेलं. मग त्या थांबल्या. मी दांडी धरली आणि पाळणा डोलवला. तो गप्प झाला.

मला वाटलं होतं, खरं ठरल्यावर बरं वाटेल. कसलं बरं?

सासूबाई कितीतरी वेळ त्या दांडीकडे बघत बसल्या. "म्हणजे एवढे दिवस मी गात होते," त्या म्हणाल्या, "ते कोणाला, सूनबाई?"

त्यांनी डोळे पुसले, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि मेलिसला हाक मारून बिश्केकला डॉक्टरकडे जायचं सांगितलं. तो म्हणाला, लोकर कापायची आहे, पुढच्या आठवड्यात बघू. शिवाय आई, तू बघतेस ना.

"मी बघितलं म्हणूनच सांगतेय," सासूबाई म्हणाल्या. "गाडी काढ."

बिश्केकपर्यंत दिवस जातो. मागच्या सीटवर तिलेक सासूबाईंच्या मांडीवर, अर्थातच, आणि मी शेजारी दुपट्यांची पिशवी धरून. नारिन शहर मागे पडल्यावर तो कुरकुरायला लागला तशी त्यांनी अंगाई सुरू केली. माझं डोकंच फिरलं. इतकं होऊनही तेच? मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी त्याचा इवलासा तळहात उचलून आपल्या गळ्यावर टेकवला आणि पुन्हा पहिल्यापासून गायला लागल्या. तिलेक कुरकुरायचा थांबला. त्यानं दुसरा हातही तिथे नेला आणि तोंड उघडं ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला.

आणि हेही त्यांनाच आधी सुचावं. मी त्याची आई, एवढे महिने जीव तोडून सांगत होते, आणि मला एकदाही सुचलं नाही. मी खिडकीकडे तोंड फिरवून रडून घेतलं. तळहात कसा धरायचा ते मग सासूबाईंनाच विचारलं.